पैसे आपले, मालकी कंपनीची

पाथरीच्या बाजारात जुना मोबाइल विकता येतो. त्यातला पैसे भरून घेतलेला गेम मात्र विकता येत नाही. असं का?

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह 118 अ‍ॅपवर बंदी घातली. 30 ऑक्टोबरला गेम भारतात पूर्ण बंद झाला आणि पोरांनी पैसे देऊन घेतलेली स्किनही अडकली. 2021 मध्ये गेमची भारतीय आवृत्ती आली, तेव्हा जुना डेटा हलवण्याची मुभा मिळाली. पण ती कंपनीची मर्जी होती, आपला हक्क नव्हता.

बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलेलं असतं, मिळतो फक्त वापराचा परवाना. तो बहुतेक वेळा दुसऱ्याला देता येत नाही, हे लांबलचक अटींत दडलेलं असतं. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्याला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. फ्रान्समध्ये 2019 साली न्यायालयाने गेमच्या फेरविक्रीच्या बाजूने निकाल दिला, पण 2022 मध्ये अपिलात तो फिरला.

हा केवळ खेळाचा प्रश्न नाही. जुन्या वस्तूंचा बाजार म्हणजे गरिबाचा बाजार. जुनी पुस्तकं हातोहात फिरली म्हणून आपल्यातले कित्येक जण शिकले. उद्या पुस्तक, अभ्यासक्रम सगळंच परवान्यावर गेलं, तर धाकट्या भावंडाला काय देणार?

म्हणून तरुणांनो, पैसे भरण्याआधी अटी वाचा, पावती जपा. फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि परवान्याला ‘खरेदी’ म्हणू न देणारा कायदा आपल्याकडेही मागा.

जय भीम!