विश्लेषण : गेम कन्सोलचे स्टोरेज कार्ड घ्यावे का? आधी घरच्या इंटरनेटचा वेग पाहा!

शनिवारी रात्री मित्रांनी ऑनलाइन जमायचे ठरवलेले असते. नवा गेम डाउनलोडला लावला जातो आणि टीव्हीवर सूचना झळकते : जागा अपुरी आहे, काहीतरी काढून टाका. मग कोणता गेम काढायचा यावरून भावाबहिणींत जुंपते. ‘एक्सबॉक्स सीरिज एस’ असलेल्या घरांना हा प्रसंग नवा नाही. त्यावर तयार उत्तरही आहे. कन्सोलच्या मागच्या खाचेत बसणारे, काडेपेटीहून जेमतेम मोठे ‘स्टोरेज एक्स्पान्शन कार्ड’. स्क्रू नाही, वायर नाही, खोचले की काम सुरू. कार्ड चांगले आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किमतीचा. स्वस्त म्हणून घेतलेल्या कन्सोलला हे कार्ड जोडले की तो कन्सोल स्वस्त राहत नाही.

५१२ जीबीचे ३६४ जीबी कसे होतात?

सीरिज एस नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला तेव्हा भारतात त्याची किंमत ३४,९९० रुपये होती. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेले असले तरी गेमसाठी हाती येते ती जागा सुमारे ३६४ जीबी. थोरला भाऊ सीरिज एक्स १ टीबीचा, त्यात ८०२ जीबी मिळतात. ‘प्लेस्टेशन ५’च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७. बाकीची जागा कन्सोलची मूळ यंत्रणा, तिच्या अपडेटसाठी राखून ठेवलेला भाग आणि अर्धवट सोडलेला गेम होता तिथून पुन्हा सुरू करण्याची सोय यांत जाते. शिवाय कंपन्या जीबी हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्र १०२४च्या, त्यातही आकडा घटतो.

दुसरीकडे गेम मात्र फुगत चालले आहेत. ‘फोर्झा होरायझन ५’ शंभर जीबीच्या पुढचा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ सगळ्या भागांसह घेतला तर एकेकाळी २०० जीबी ओलांडून गेला होता. म्हणजे सीरिज एसमध्ये असे मोठे गेम तीन बसले तरी खूप. डिस्क विकत घेतली तर जागा वाचते, असा एक समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. आजच्या कन्सोलवर डिस्कमधला गेमही आत कॉपी होतो आणि तिथूनच चालतो. डिस्कमुळे डाउनलोडचा बराच भार वाचू शकतो, जागा नाही. सीरिज एसला तर डिस्क घालायची सोयच नाही.

साधी हार्ड डिस्क का चालत नाही?

घरात पडलेली यूएसबी हार्ड डिस्क लावली की काम भागेल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. नव्या पिढीचे गेम लिहिताना आतली एसएसडी किती वेगाने माहिती पुरवेल हे गृहीत धरलेले असते. सीरिज एक्स आणि सीरिज एसमध्ये हा वेग सेकंदाला २.४ जीबी आहे. गाडी रस्त्यावरून भरधाव जात असताना पुढची इमारत, पुढचे झाड, पुढचा डोंगर त्याच क्षणी एसएसडीतून उचलला जातो. फिरत्या तबकडीची यूएसबी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, म्हणजे जवळपास वीसपट मंद. म्हणून सीरिज एक्स आणि एससाठी खास तयार केलेले गेम यूएसबीवरून खेळता येत नाहीत. मागच्या खाचेत बसणारे कार्ड आतल्या एसएसडीच्या वेगाने चालते, त्यामुळे त्यावरचे गेम थेट सुरू होतात. ग्राहकाने पैसे मोजायचे ते या वेगासाठी.

दुकानात सहसा गोष्ट इथेच थांबते. पण नवे गेम यूएसबी डिस्कवरून खेळता येत नसले तरी त्यावर ठेवता येतात. हवा तेव्हा गेम आत हलवायचा, खेळून झाला की परत बाहेर. आणि एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स ३६० किंवा त्याआधीच्या काळातले जे गेम आजच्या कन्सोलवर चालतात, ते यूएसबी डिस्कवरून थेट खेळताही येतात. डिस्क यूएसबी ३.० किंवा त्यापुढची आणि किमान १२८ जीबीची असावी एवढीच अट. कॉलेजात जुने चित्रपट साठवायला घेतलेली १ टीबीची डिस्क बहुतेक घरांत धूळ खात असते, तीही चालेल. मात्र कन्सोल तिला फॉरमॅट करून घेतो, त्यामुळे लग्नाचे फोटो असतील तर आधी दुसरीकडे हलवावेत.

खरा हिशेब तासांचा

स्टोरेज विकत घेणारा ग्राहक जीबी मोजतो. त्याने तास मोजले तर निर्णय सोपा होतो. गेम काढून टाकला म्हणजे तो गेला असे नसते. विकत घेतलेला गेम खात्यावर राहतो आणि एक्सबॉक्सवर खेळातली प्रगतीही इंटरनेटवर आपोआप साठवली जाते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. गमावला जातो तो फक्त पुन्हा डाउनलोड करण्याचा वेळ. तेव्हा कार्ड म्हणजे हा वेळ वाचवण्यासाठी मोजलेले पैसे.

शंभर जीबीचा गेम धरू. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर तो उतरायला साडेपाच तास लागतात. १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. ३०० एमबीपीएसवर पाऊण तास. हे सगळे पूर्ण वेग मिळाला तर. राउटर हॉलमध्ये आणि कन्सोल आतल्या खोलीत असेल, तर एका भिंतीने वायफायचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा कार्डाच्या आधी काहीशे रुपयांची लॅन केबल ओढून पाहणे शहाणपणाचे. कन्सोल स्टँडबायवर ठेवला तर रात्री झोपेतही डाउनलोड सुरू राहते.

आता तोच गेम यूएसबी डिस्कवरून आत आणायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. चहा होईपर्यंत काम होते. म्हणजे ३०० एमबीपीएसच्या फायबरवाल्या घरात कार्डाने वाचणारा वेळ फारसा नाही, आणि ४० एमबीपीएसच्या घरात वाचतो तो बहुतांश कार्डाच्या किमतीच्या काही अंशात मिळणाऱ्या डिस्कनेही वाचतो.

डेटाची मर्यादा ही आणखी एक भीती. मोठ्या कंपन्यांच्या ‘अमर्याद’ फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची वाजवी वापर मर्यादा असते. शंभर जीबीचे तेहतीस गेम त्यात उतरतात, इतके कोणी उतरवत नाही. पण जिथे फायबर पोहोचलेले नाही आणि रोजच्या २ जीबीच्या मोबाइल योजनेवर हॉटस्पॉटने भागवले जाते, तिथे याच एका गेमला पन्नास दिवस लागतील. अशा घरात एकदा उतरवलेला गेम काढून टाकणे परवडतच नाही. त्यांनी स्टोरेजवर जरूर खर्च करावा, पण पहिला खर्च डिस्कवरच.

बंद खाचेची किंमत

२०२० मध्ये सीगेटचे १ टीबी कार्ड अमेरिकेत २१९.९९ डॉलरला आले. त्याच वेळी अख्खा सीरिज एस २९९ डॉलरला मिळत होता. कन्सोलच्या किमतीच्या जवळपास तीन चतुर्थांश पैसे निव्वळ जागेसाठी! कारण तांत्रिक नव्हते. ही खाच मायक्रोसॉफ्टची खास आहे, तिच्यात बसणारे कार्ड बनवायला परवानगी लागते, आणि २०२३ पर्यंत अशी कार्डे बनवणारी कंपनी एकच होती. त्या वर्षी वेस्टर्न डिजिटलचे ‘डब्ल्यूडी ब्लॅक सी५०’ आले, १५० डॉलरच्या आसपास. सीगेटचे कार्डही त्याच पातळीवर उतरले. तोवर संगणकात बसणाऱ्या, वेगाने याहून सरस अशा १ टीबी एसएसडी अमेरिकेत १०० डॉलरच्या खाली मिळू लागल्या होत्या.

याहून बोलका आकडा मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये काळ्या रंगाचा १ टीबीचा सीरिज एस ३४९ डॉलरला आणला. म्हणजे ५१२ जीबी जागा कारखान्यातच वाढवून घेतली तर जादा ५० डॉलर. तेवढीच जागा कार्डाच्या रूपात २०२१ च्या अखेरीस बाजारात आली तेव्हा तिची किंमत १४० डॉलर होती. मधल्या काळात चिप स्वस्त झाल्या हे खरे, पण फरक फक्त चिपचा नाही.

गेमच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. सोनीने २०११ च्या अखेरीस जपानमध्ये ‘प्लेस्टेशन व्हिटा’ हा हातात धरायचा कन्सोल आणला, तेव्हा बाजारातली साधी मेमरी कार्डे नाकारून त्याला खास स्वतःचे कार्ड लावले. अमेरिकेत ३२ जीबीचे ते कार्ड १०० डॉलरचे होते. व्हिटाबद्दलची ग्राहकांची सर्वात मोठी तक्रार तीच राहिली. कन्सोल बंद पडला, कार्डे आता दुसऱ्या कशातच चालत नाहीत. एक्सबॉक्सच्या कार्डाचेही भवितव्य याच वाटेने जाऊ शकते, कारण ते संगणकाला जोडून सरळ वापरता येत नाही.

प्लेस्टेशनवाल्यांनी वेगळा विचार का करावा?

व्हिटाचा धडा म्हणा किंवा आणखी काही, प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने खाच उघडी ठेवली. संगणकात बसणारी कोणत्याही कंपनीची एम.२ एसएसडी सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून त्यात चालते. अटी आहेत. ती पीसीआयई चौथ्या पिढीची हवी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी असावा अशी सोनीची शिफारस आहे, आणि वर उष्णता शोषणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, हवी. पट्टीसह जाडी ११.२५ मिमीपेक्षा जास्त झाली तर वरचे छोटे झाकण बसत नाही. संगणकासाठी बनवलेले उंच हीटसिंक मोठ्या हौसेने आणून हात चोळत बसलेले ग्राहक यामुळेच दिसतात.

बसवायला एक स्क्रूड्रायव्हर आणि पंधरा मिनिटे लागतात. पण उद्या कन्सोल विकला तरी ही एसएसडी काढून लॅपटॉपमध्ये वापरता येते. खर्च अडकून पडत नाही, म्हणून इथे ‘घ्या’ म्हणायला जीभ अडखळत नाही. तीही १ टीबी किंवा त्याहून मोठीच घ्यावी, कारण खाच एकच आहे. नव्या गेमांना यूएसबीवर ठेवता येते पण तिथून खेळता येत नाही, हा नियम मात्र प्लेस्टेशनलाही लागू आहे.

मग कार्ड कोणी घ्यावे?

ज्या घरात एकाच सीरिज एसवर दोघे-तिघे खेळतात आणि प्रत्येकाचा मोठा ऑनलाइन गेम वेगळा आहे, तिथे कार्डाला पर्याय नाही. ऑनलाइन गेमला दर आठवड्या-पंधरवड्याला अपडेट येते. तो बाहेरच्या डिस्कवर ठेवून ऐनवेळी आत आणायचा म्हटले तर जागा करण्यासाठी दुसऱ्याचा गेम बाहेर काढावा लागतो, आणि भांडण पुन्हा तिथेच येते. कार्ड खिशात घालून मित्राच्या घरी नेता येते, आपल्या खात्याने लॉगिन केले की आपले गेम तिथे चालतात, हाही एक फायदा.

एकटा खेळणारा, एक गेम संपवून दुसरा सुरू करणारा ग्राहक मात्र कार्डावर पैसे वाया घालवतो. त्याने आधी सेटिंगमध्ये जाऊन यादी पाहावी. सहा महिने न उघडलेले गेम काढावेत. ‘हेलो इन्फिनिट’सारख्या गेममध्ये एकट्याने खेळायचा कथाभाग आणि ऑनलाइन भाग वेगवेगळे ठेवता वा काढता येतात, तसे आणखी काही गेमांतही करता येते. एवढ्यानेच अनेकदा पन्नास-साठ जीबी मोकळे होतात.

आणि ज्याने अजून कन्सोलच घेतलेला नाही, त्याने ५१२ जीबीचा सीरिज एस व त्यावर कार्ड, ही जोडी टाळावी. दोन्ही किमतींची बेरीज केली की १ टीबीचे मॉडेल, कधीकधी तर त्यावरचा कन्सोलही हाताशी येतो.

दर उतरेपर्यंत थांबावे का? पूर्वी या प्रश्नाला ‘हो’ हे सरधोपट उत्तर होते. आता नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, विशेषतः २०२५ च्या अखेरीपासून, एसएसडीचे दर वर चढले आहेत. गरज खरी असेल तर थांबून फायदा होईलच असे नाही.

खरेदी करताना ‘१६ टीबी फक्त दोन हजारांत’ अशा यूएसबी एसएसडीच्या जाहिरातींना भुलू नये. आत लहानशी चिप असते आणि तिला खोटा आकडा दाखवायला शिकवलेले असते. गेम भरत जातो आणि मग एके दिवशी उघडतच नाही. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवायचे असेल तर वॉरंटी भारतात लागू होते का हे आधी विचारावे. आणि घरात ‘निंटेन्डो स्विच २’ आला असेल, तर जुन्या स्विचचे मायक्रोएसडी कार्ड त्यात गेमसाठी चालत नाही. त्याला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या प्रकारचे कार्ड लागते. दिसायला दोन्ही सारखीच असल्यामुळे बिल करण्याआधी पाकिटावरचा ‘एक्स्प्रेस’ हा शब्द शोधावा.