पडायची सोय

चंद्रपूर किंवा गडचिरोलीचं एखादं पोरगं सुट्टीत गोव्याला जातं, फ्लायबोर्डवर चढतं आणि पंधरा सेकंदांची रील टाकतं. पायाखालून पाण्याचे दोन फवारे सुटलेत, पोरगं समुद्राच्या वर हवेत उभं आहे, दोन्ही हात पसरलेत, आणि पुढच्याच क्षणी धप्प. घरी आल्यावर त्याला दोन गोष्टी ऐकायला मिळतात. घरातले काका म्हणतात, ‘बापाचा पैसा पाण्यात घातला.’ आणि पर्यटनावर भाषणं देणारे म्हणतात, ‘आपल्या जिल्ह्यात एवढं पाणी आहे, हे इथंच सुरू करायला पाहिजे.’

माझं भांडण या दोघांशीही आहे. काकांना त्या खेळातली मजा कळलेली नाही आणि भाषणवाल्यांना त्या खेळामागचं डोकं कळलेलं नाही. दोघंही उडण्याकडे बघतात. खरी बघण्यासारखी गोष्ट पडणं ही आहे.

फ्लायबोर्डचं यंत्र सोपं आहे. जेट-स्कीचा पंप पाणी ओढतो आणि जोरात मागे फेकतो, त्यावर ती पळते. फ्रान्समधल्या मार्सेयच्या फ्रँकी झापाता या जेट-स्की शर्यतपटूनं २०११ मध्ये तेच पाणी एका लांब पाइपातून वळवून पायाखालच्या पाटीत आणलं. पाटीच्या खालच्या तोंडांतून पाणी खाली सुटतं, माणूस वर जातो. पाइप पंधरा-अठरा मीटरचा, त्यामुळे माणूस जाऊन जाऊन किती वर जाणार हेही पाइपच ठरवतो.

आता पहिल्यांदा चढणाऱ्याचं काय होतं ते बघा. आधी लाइफ जॅकेट घालतात आणि पट्टे ओढून बघतात. मग डोक्यावर हेल्मेट. मग पाटीला जोडलेले बूट पायात घट्ट बसवतात. जागाही मुद्दाम निवडलेली असते: पाणी खोल हवं, खाली खडक नको, आसपास दुसरी होडी नको. मग सूचना. पाय सरळ ठेवा, गुडघे वाकवू नका. नजर समोर, खाली पाहिलंत की तोल गेला. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची सूचना: पडणार असं वाटलं की धडपडू नका, जेट-स्कीपासून लांब, पाण्यात शिरल्यासारखं पडा. वेग तुमच्या हातात नसतोच. तो जेट-स्कीवर बसलेल्या प्रशिक्षकाच्या हातात असतो. तुम्ही कलंडलात की तो जोर कमी करतो.

म्हणजे बघा, उडायच्या आधी पडायचं शिकवतात. नवशिक्या पडणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत तो सात-आठदा पडला तरी कुणी त्याला नालायक म्हणत नाही, कुणी नशिबाला दोष देत नाही. कारण पडायची सोय आधीच केलेली आहे. म्हणून तर तो हसत वर येतो आणि म्हणतो, ‘परत!’ ज्याला आपण त्या पोराचं धाडस म्हणतो, ते या सोयीवर उभं आहे.

खुद्द झापाताचं उदाहरण घ्या. २५ जुलै २०१९ रोजी तो इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला. या वेळी पाइप नव्हता. पाटीत छोटी जेट इंजिनं होती आणि पाठीवर इंधन. वाटेत इंधन भरायला बोटीवर उतरताना त्याचा अंदाज चुकला आणि जगभरचे कॅमेरे रोखलेले असताना तो समुद्रात पडला. सोबतच्या माणसांनी त्याला बाहेर काढलं. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्यानं तीच खाडी साधारण २२ मिनिटांत ओलांडली. पडणारा माणूस दहा दिवसांनी पुन्हा उडाला, कारण पडला तेव्हा त्याला उचलणारं कुणीतरी तिथं होतं.

आता २५ जुलै या तारखेकडे पुन्हा बघा. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. झापाताशी त्याचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण या दिवसाचा आपल्याशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. दहापैकी नऊहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. यात समुद्रावर मजा करायला गेलेले थोडे. बाकीचे पाणी भरायला, जनावरं धुवायला, मासे धरायला, शेतावर जायला, शाळेत जायला पाण्याजवळ गेलेले.

आपले दोन जिल्हे पाण्याचे आहेत. वैनगंगा दोघांच्या मधून वाहते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी चढलं की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. इरई, घोडाझरी, आसोलामेंढा हे मोठे जलाशय आहेतच. शिवाय गावोगाव माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण प्रेमानं मामा तलाव म्हणतो. पाण्याशिवाय इथलं एक गाव सांगता येणार नाही.

या पाण्यात पडायची सोय काय आहे?

२३ जानेवारी २०२४. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया वैनगंगेच्या पलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी बुडाल्या. थंडीचे दिवस, पूर नाही, वादळ नाही. रोजच्या मजुरीला जायची रोजची वाट. त्याच जानेवारीत, त्याच आठवड्यात, गोव्याच्या किनाऱ्यावर पंधरा मिनिटांच्या मजेसाठी आलेल्या प्रत्येक नवशिक्याला जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू दिलं जात नव्हतं. आणि आमच्याकडे डोंग्यात लाइफ जॅकेट दिसलं तर लोक फोटो काढतील, एवढी ती नवलाई आहे.

मार्च २०२५. घोडाझरी तलावात उतरलेले पाच तरुण बुडाले. तुमच्याच वयाचे, सणाच्या सुट्टीत फिरायला आलेले. गोव्याच्या त्या पोरात आणि या पाच जणांत हौसेचा काहीच फरक नव्हता. पाण्यात उतरावंसं वाटणं हे दोन्हीकडे सारखंच. फरक एवढाच की एकाला उतरवायला माणूस होता, काढायला माणूस होता आणि अंगावर तरंगवणारं काहीतरी होतं.

म्हणून काकांना माझं सांगणं आहे: पोरानं पैसा पाण्यात घातला नाही. त्यानं पैसे देऊन पहिल्यांदा अशी जागा पाहिली जिथं त्याच्या जिवाची कुणीतरी आधी काळजी करतं. त्याच्या आजीनं नदी ओलांडताना ती कधी पाहिली नव्हती, आईनंही नाही. त्याला ती विकत घ्यावी लागली, ही लाज त्याची नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर: ‘नदीकाठच्या लोकांना पोहता येतंच की.’ ढिवर समाजातल्या लोकांना येतं, त्यांचं ते पिढीजात शहाणपण आहे. पण मिरचीच्या मजुरीला जाणाऱ्या बाईला कोण पोहायला शिकवतं? मुलगी मोठी झाली की तिचं तलावावर जाणं बंद होतं आणि पुढं लुगड्यानिशी ती नावेत बसते. अंगावर ओलं लुगडं असताना पट्टीचा पोहणाराही घाबरेल. शिवाय नदीच आता जुनी राहिलेली नाही. रेतीच्या उपशानं पात्रात खड्डे पडलेत. काल गुडघाभर होतं तिथं आज डोह असतो. गोसीखुर्दची दारं उघडली की पाण्याची पातळी बदलते. २०२० च्या ऑगस्टअखेर त्या पाण्यानं ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीच्या पट्ट्यात काय केलं ते लोक विसरलेले नाहीत. आजोबांना नदी पाठ होती. नातवाची नदी वेगळी आहे.

दुसरं उत्तर: ‘पूल बांधले की प्रश्न मिटला.’ पूल हवेतच. प्रत्येक निवडणुकीत मागावेत असे हवेत. पण पूल व्हायला वर्षं जातात आणि मिरची दरवर्षी लाल होते. आणि तलावावर पूल नसतो. घोडाझरीच्या पोरांना पुलाचा काय उपयोग होता?

तिसरं उत्तर: ‘पैसा कुठून आणायचा?’ हे ऐकलं की मात्र राग येतो. चंद्रपुरातून कोळसा जातो, एटापल्लीच्या सुरजागडातून लोखंडाचा दगड जातो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांनी त्यात भरलेला पैसा खाणीमुळे त्रास सोसणाऱ्या लोकांसाठीच आहे. आणि लाइफ जॅकेट म्हणजे काही विमान नव्हे. गोव्यात एका माणसाच्या एका उड्डाणाला जे पैसे पडतात, त्यात एकाहून जास्त साधी जॅकेटं येतात. एका डोंग्याला दहा जॅकेटं, घाटावर एक दोर, एक हवा भरलेली ट्यूब, आणि नावेत किती माणसं बसतील हे रंगानं लिहिलेली एक पाटी. एवढ्याला निधी नाही म्हणणारा माणूस निधीबद्दल बोलत नसतो. कुणाचा जीव मोजायचा, याबद्दल बोलत असतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथल्या प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. योग्यच झालं. पण मुंबईच्या पाण्यासाठी जे शहाणपण सुचतं ते वैनगंगेच्या पाण्याला का सुचत नाही? २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्यानं तर यंत्र नसलेल्या नावांचाही विचार केलेला आहे. कायदा दिल्लीत पोचला, घाटावर पोचला नाही.

आता भाषणवाल्यांकडे येतो. गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प सरकारनं हाती घेतलाच आहे. उद्या कुणी म्हणेल, इरईवर जेट-स्की आणा, फ्लायबोर्ड आणा. इरईवर नको, हे मी आत्ताच सांगतो. त्या पाण्यावर चंद्रपूर शहराची तहान भागते, वीज केंद्र चालतं, आणि त्याच्या काठाशी ताडोबाचं जंगल आहे. जिथं वाघ पाणी प्यायला येतो तिथं पेट्रोलचं इंजिन घुमवून आपण नेमकं काय दाखवणार? ज्याला इंजिनाचा आवाज हवा त्याला समुद्र मोकळा आहे.

पण दुसऱ्या एखाद्या जलाशयावर हा खेळ आला तर? येऊ द्या. माझी अट एकच. ज्या जलाशयावर पर्यटकासाठी पहिलं जॅकेट येईल, त्याच पाण्यावरच्या प्रत्येक डोंग्यात त्याच दिवशी जॅकेट असलं पाहिजे. पर्यटकाला वाचवायला जी बोट उभी राहील, ती मासेमाराला आणि मजुराला वाचवायलाही धावली पाहिजे. त्या बोटीवर बाहेरून आणलेली माणसं नकोत, तिथलीच ढिवरांची पोरं हवीत, प्रशिक्षण आणि पक्का पगार देऊन. नाहीतर एकाच पाण्यावर दोन किमतींचे जीव तरंगतील: तिकीट काढलेला आणि न काढलेला.

आणि खेळाची वाट न बघता करता येण्यासारखं काम आजही आहे. बांगलादेशात, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त पाणी आणि कमी पैसा असलेल्या देशात, गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून लहान मुलांना जीव वाचवण्यापुरतं पोहायला शिकवतात: तरंगायचं, थोडं अंतर कापायचं, बुडणाऱ्याला काठी द्यायची, उडी मारायची नाही. त्यानं मृत्यू कमी होतात हे तिथं दिसलेलं आहे. आपल्याकडे मामा तलाव आहे, बांबू तर गडचिरोलीइतका कुठं नसेल, शिकवणारे ढिवर आहेत आणि शाळेत खेळाचा तास आहे. यात काय कमी आहे? मुलींना आधी शिकवा, कारण पुढं नावेत त्याच बसणार आहेत.

तुमच्याशी, म्हणजे फोनवर हे वाचणाऱ्यांशी, शेवटचं बोलतो. गोव्याला जा. फ्लायबोर्डवर चढा, मनसोक्त पडा, रील टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जॅकेटचे पट्टे कुणी आवळले, वेग कुणाच्या हातात होता, पडल्यावर किती सेकंदांत माणूस जवळ आला, हे नीट बघून या. तो अनुभव तुम्हाला इथल्या नव्वद टक्के पुढाऱ्यांपेक्षा जाणकार करतो. घरी आलात की आपल्या गावच्या घाटावर जा आणि तेच तीन प्रश्न विचारा. नावाड्याला नका विचारू, तोही त्याच नावेत बसतो. ग्रामसभेत विचारा, तहसीलदाराला विचारा, खनिज प्रतिष्ठानचा पैसा वाटणाऱ्यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मिरचीचा हंगाम पुन्हा येतोच आहे.