वर्णनाची मिरासदारी

व्यापाऱ्याने आपल्या मालास नाव द्यावे, त्या नावाची अब्रू सचोटीने वाढवावी आणि कोणी ते चोरल्यास त्यास न्यायासनापुढे खेचावे, याबद्दल कोणाही समंजस माणसाची तक्रार असणार नाही. परंतु पदार्थाचा गुण सांगणारा लोकभाषेतील शब्दच एखाद्याने नोंदणीकचेरीत आपल्या नावे चढवून घ्यावा व ‘आता हा शब्द इतरांस वर्ज्य’ अशी दवंडी पिटावी, हा व्यापार नव्हे. ही मिरासदारी होय.

या मिरासदारीचा एक ठळक खटला आपल्याच जुळ्या शहराशी निगडित आहे. सिकंदराबादच्या अॅग्रो टेक फूड्स कंपनीने ‘सनड्रॉप’ तेलाच्या वेष्टनावर ‘लो अॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ असे शब्द छापले. तळताना पदार्थ तेल कमी शोषतो, एवढाच त्यांचा अर्थ. मुंबईच्या मॅरिको कंपनीने ‘लोसॉर्ब’ व ‘लो-सॉर्ब’ ही चिन्हे नोंदविलेली होती. तेवढ्या बळावर तिने दिल्ली उच्च न्यायालयात मनाई मागितली. ती मिळाली नाही, व नोव्हेंबर २०१० मध्ये खंडपीठाने अपीलही फेटाळले. वर्णनपर शब्दांतील चार अक्षरे गाळल्याने मूळ शब्दांवर स्वामित्व येत नाही, हा त्या निकालाचा इत्यर्थ. तो सर्वस्वी योग्य होता.

कायदाही हेच सांगतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे ९ वे कलम मालाचा प्रकार, गुण वा उपयोग एवढेच दर्शविणाऱ्या शब्दांची नोंदणी निषिद्ध मानते. ३० वे व ३५ वे कलम प्रामाणिक वर्णनास संरक्षण देते.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, ‘आम्ही जाहिरातीवर अमाप द्रव्य ओतले, म्हणून तो शब्द लोकांच्या तोंडी बसला.’ दीर्घ वापराने शब्दास वेगळी ओळख लाभू शकते, हे कायद्यासही मान्य आहे. परंतु ती ओळख म्हणजे शब्दाचे खरेदीखत नव्हे. ‘शुगर फ्री’ या नावावरून कॅडिला कंपनीने अमूलविरुद्ध दावा मांडला, तेव्हा न्यायालयाने ते शब्द वर्णन म्हणून वापरण्याची मुभा राखली. अमूलने आपल्या नावाहून मोठ्या अक्षरांत ते छापू नयेत, एवढेच बंधन घातले. २०२३ मध्ये ‘शेजवान चटणी’ या नावाच्या वादातही दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी अंतरिम मनाई नाकारली. चटणीस चटणी म्हणण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, याहून मोठी विटंबना कोणती?

हे पक्ष धनवान होते. त्यांनी वकील दिले व निकाल मिळविले. पण भाजणी, मेतकूट, पापड विकून संसारास हातभार लावणाऱ्या एखाद्या भगिनीस अशी नोटीस आली, तर ती काय करील? कायदा तिच्या बाजूचा असूनही ती निमूटपणे लेबले खरवडून टाकील. नोटिशीचे खरे बळ न्यायात नसून अशा भयात असते.

आपल्या देवस्थानांनी या बाबतीत मार्ग दाखविला आहे. तिरुपतीच्या लाडूस २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी लाभली. त्यामुळे ‘तिरुपती लाडू’ या नावाची नक्कल करण्यास प्रतिबंध झाला. ‘लाडू’ हा शब्द मात्र घरोघरचाच राहिला. गोव्यात जत्रेच्या खाज्यासही असेच उपदर्शन मिळाले आहे. तेथे नाव रक्षिले गेले ते स्थळाचे व परंपरेचे. भाषेवर कुंपण पडले नाही. देवळाच्या तळीचे पाणी घागरीने अवश्य न्यावे, पण तळीच आपल्या परसात ओढू पाहणाऱ्यास गावाने अडविलेच पाहिजे.

आणि अडविण्याचे साधन आपल्या हाती आहे. नोंदणीचा अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीस विरोध नोंदविता येतो. त्यासाठी स्वतः व्यापारी असण्याची अट नाही. आपल्या देवस्थान समित्यांनी, महिला मंडळांनी व व्यापारी संघांनी ही पत्रिका वाचण्याचे काम एखाद्या जाणत्या सभासदाकडे सोपवावे. आपल्या स्वयंपाकघरातील शब्द राखणे हेही संस्कृतिरक्षणच होय. ते न केल्यास उद्या ‘सात्त्विक’ वा ‘घरगुती’ म्हणण्यापूर्वी कोणाची तरी परवानगी मागण्याची पाळी आपणावर येईल, आणि तो दोष केवळ व्यापाऱ्याचा असणार नाही.