मक्त्याचं वावर अन् गेममधला ग्रह

पाडवा जवळ आला की गावात दोन सौद्यांची बोलणी सुरू होतात. एक सालगड्याचा, दुसरा मक्त्याच्या वावराचा. सालगड्याच्या बाबतीत आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. वावराच्या बाबतीत मात्र "पाच एकर एकगठ्ठा भेटून राह्यलं" एवढ्यावरच इसार देऊन मोकळे होतो.

आमच्याकडचे कॉलेजातले पोट्टे लॅपटॉपवर स्टेलारिस नावाचा गेम खेळतात. स्वीडनच्या कंपनीनं तो २०१६ मध्ये काढला. अंतराळातले ग्रह शोधायचे, कोणत्या ग्रहावर वस्ती करायची ते ठरवायचं अन् राज्य वाढवायचं, असा तो खेळ आहे. रिकामटेकडेपणा म्हणून मी तो सोडून देणार होतो, पण पोरांनी नियम समजावून सांगितले तेव्हा वाटलं, मक्ता करणाऱ्यानं हे नियम ऐकलेच पाहिजेत.

पहिला नियम. प्रत्येक ग्रहावर राहण्याजोगेपणाचा टक्का लिहिलेला असतो. टक्का कमी असला तरी वस्ती करता येते, पण तिथल्या माणसांवर खर्च जास्त लागतो अन् उत्पन्न कमी येतं. आपल्या वावरावर टक्का लिहिलेला नसतो, तो आपणच काढायचा. वर्धा-पैनगंगेच्या काठची भारी काळी अन् टेकडीच्या उताराची बरड यांचा एकरी मक्ता वेगळा असतो, पण नांगरटी, बियाणं अन् निंदणाचा खर्च जवळपास सारखाच पडतो. म्हणजे स्वस्त मक्त्याची बरड स्वस्त पडतेच असं नाही. भारी जमिनीतही पाणी निघायला वाट नसेल तर ऑगस्टच्या झडीत तूर उधळते. म्हणून मी सांगतो, कुदळ घेऊन जा, दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा करा, मुरूम किती खाली लागतो ते पाहा. वावर उन्हाळ्यात पाहिलं तरी पावसाळ्यात पाणी कुठं साचतं ते शेजारच्या धुऱ्यावाल्याला विचारा.

दुसरा नियम. नवी वस्ती आधी खाते, मग देते. अन् राज्य जसजसं पसरतं तसतसं नवीन तंत्र शिकणं महाग होत जातं. हा नियम ज्यानं गेममध्ये घातला त्याला शेती कळत असावी. समजा वावर घरापासून ७ किलोमीटर आहे अन् हंगामात ६० चकरा होतात. जाणं-येणं धरलं तर ८४० किलोमीटर झाले. पेट्रोल तर गेलंच, पण त्याहून मोठा तोटा वेळेचा. डवरणीला वाफसा दोन दिवसांचा भेटतो. त्या दोन दिवसांत घरचं वावर डवरायचं की मक्त्याचं? बहुतेक वेळा दोन्हीकडं अर्धवट राहतं अन् तण जिंकतं. कापसावर बोंडअळी आहे का हे पाहायला आठवड्याला फेरी लागते, ती लांबच्या वावरात होत नाही. रोही अन् रानडुकराची राखण तर रोजचीच. जिथं संध्याकाळी सहज चक्कर मारून येता येत नाही ते वावर कितीही काळं असो, माझ्या हिशेबात ते परग्रहावरच आहे.

तिसरा नियम ग्रह सुधारण्याचा. गेममध्ये पैसा अन् वर्षं खर्च केली की वाईट ग्रह राहण्याजोगा होतो. खऱ्या जगात ते किती कठीण आहे ते पाहा. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. आपल्याकडं पाणी, जीवजंतू अन् हजारो वर्षं मिळून त्या पाषाणाची काळी माती झाली. मंगळावर नुसता भुगा आहे, त्यात परक्लोरेट नावाचे घातक क्षार आहेत, हे फिनिक्स यानानं २००८ मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठानं अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या मातीत मोहरीच्या कुळातलं एक रोप वाढवून पाहिलं. उगवण झाली, पण झाडं खुरटी राहिली. उगवण म्हणजे पीक नव्हे, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

आपली बरड मात्र सुधारता येते. तलावाचा गाळ टाका, शेणखत टाका, धुरे बांधा, दोन-तीन वर्षांत फरक दिसतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. पण एका वर्षाच्या मक्त्यावर गाळाची ट्रॉली कोण टाकेल? पुढच्या पाडव्याला वावर दुसऱ्याकडं जाणार. म्हणून मक्त्याचं वावर दरवर्षी फक्त घेतं-देतं होतं, त्याला परत काही भेटत नाही. त्यात नुकसान मालकाचंही आहे, कारण माती त्याची झिजते.

इथंच गेम आपल्यापासून वेगळा होतो. गेममध्ये वस्ती केली की ग्रह तुमच्या नावावर. मक्त्यात घाम आपला, सातबारा दुसऱ्याचा. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. पीक विमा मक्त्यानं करणाऱ्यालाही काढता येतो, पण नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. अन् करार तोंडीच असतो, कारण १९५८ च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्यापासून मालकाच्या मनात कुळ लागायची धास्ती आहे. ही धास्ती खोटी म्हणून उडवून लावू नये, त्याचीही जमीन आहे. नीती आयोगानं २०१६ मध्ये नमुना कायदा सुचवला. मालकी मालकाचीच राहावी अन् कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत भेटावी, हाच त्याचा हेतू. आपल्या आमदार-खासदारांना मतं मागताना याबद्दल विचारलं पाहिजे. कर्जमाफीवर जेवढी भाषणं होतात त्याच्या पाव हिश्शानं तरी यावर व्हावीत.

तोवर माझं मत सरळ आहे. चार वावरं एक-एक वर्षासाठी घेण्यापेक्षा जवळचं एकच वावर तीन वर्षांच्या बोलीनं घ्या. बोली जाणकाराला दाखवून कागदावर आणा. मदत आली तर कोणाला किती, तेही त्यातच लिहा. मालक तीन वर्षांना तयार नसेल तर गाळ-शेणखताचा खर्च मक्त्यातून वजा करायची बोली करा. तेही जमत नसेल तर ते वावर सोडा. घरच्या पाच एकरात वेळेवर डवरणी झाली तरी पुष्कळ पदरात पडतं.

पोट्टे गेममध्ये हरतात तेव्हा बहुतेक वेळा ग्रह कमी पडले म्हणून हरत नाहीत, जास्त झाले म्हणून हरतात. ते पुन्हा पहिल्यापासून खेळतात. आपल्याला हंगाम वर्षातून एकदाच भेटतो.