मोटारीची ऐट आणि पादचाऱ्याचे मोल

मोटार हा आता केवळ प्रवासाचा प्रश्न राहिलेला नाही, तो अभिरुचीचा प्रश्न झाला आहे, असे मोटारशौकीन मंडळी अभिमानाने सांगतात. रत्नागिरीसारख्या गावातही मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत या अभिरुचीची चर्चा कानावर येते. गाडीचे नाक उंच हवे, बांधा भरदार हवा; चाके सोळा इंची असतील तर ती अठरा इंची हवीत, पोलादी असतील तर मिश्रधातूची हवीत; आणि ताशी शंभराचा वेग दहा सेकंदांच्या आत गाठला नाही तर ते इंजिन कसले! यावर कोणी शंका काढली की उत्तर ठरलेले असते. पैसा ज्याचा, आवड त्याची. इतरांनी त्यात बोलण्याचे कारण काय?

कारण आहे, आणि ते मत्सराचे नाही. ही आवड शौकिनाची स्वतःची नाही, आणि तिची किंमतही तो एकटा मोजत नाही.

प्रथम आवडीचा उगम पाहू. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९२७ साली मोटारीच्या रूपासाठी स्वतंत्र विभाग काढला. चालू स्थितीतील गाडी मालकाला जुनी वाटू लागली पाहिजे, हे त्यामागील व्यापारी सूत्र होते. आपल्याकडे हे काम कारखानदाराइतकेच सरकारी कररचनेने केले. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. त्याबरोबर गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जाऊ लागल्या. २००८ ची इंडिगो सीएस आणि २०१२ ची डिझायर ही त्या कात्रीची अपत्ये होत. २०१३ साली लांब, मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंच असलेल्या गाड्यांवरील शुल्क ३० टक्के झाले. तेव्हा एक्सयूव्ही ५०० या गाडीची जमिनीपासूनची उंची १६० मिलिमीटरवर आणण्यात आली. ज्या उंचीला शौकीन मंडळी मर्दानी बाणा म्हणत होती, ती कराच्या एका कलमासरशी खाली बसली. ज्याला शौकीन सौंदर्यदृष्टी म्हणतो, तिचा बराचसा भाग असा हिशेबनिसाच्या टेबलावर घडलेला असतो.

चाकांचेही तसेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी सुमारे चाळीस अश्वशक्तीवर संसार ओढत होती; १९८३ ची मारुती ८०० बारा इंची चाकांवर घाट चढत होती. चाकाच्या बाहेरच्या घेरात फरक न करता आतील रिम मोठी केली की टायरच्या रबराची उंची कमी होते. खड्ड्याचा धक्का पचवणारे तर ते रबरच. ते पातळ झाले की आघात थेट रिमवर आणि तेथून गाडीत बसलेल्यांच्या कंबरेवर जातो. पोलादी रिम वाकते आणि नाक्यावरचा कारागीर ती ठोकून सरळ करतो; मिश्रधातूची रिम जोराच्या धक्क्याने तडकू शकते, आणि तडकली की तिचा भार पुन्हा खिशावर. कोकणातील पावसाने उखडलेल्या रस्त्यावर या चाकांचे कौतुक करणे म्हणजे चिखलात रेशमी धोतर नेसण्यासारखे आहे.

आता वेग. ज्या रस्त्यावर हा वेग गाजवायचा, त्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि त्याच्या पूर्ततेच्या तारखा वर्षानुवर्षे पुढे जात राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, कोकण रेल्वेने मोटारी वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला नेण्याची सेवा सुरू केली. दहा सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी गाडी आगगाडीच्या पाठीवर बसून गावी जाणार! खासगी वैभव आणि सार्वजनिक दैन्य यांचे याहून बोलके चित्र कोणत्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात सापडेल?

हे केवळ हास्यास्पद असते तर सोडून देता आले असते. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची होती, आणि दर पाचांत एक पायी चालणारा होता. सरकारी अहवालानेच दहांपैकी सात मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले पदार्थविज्ञान आहे. उंच नाकाच्या गाडीचा आघात तर माणसाच्या पायावर न होता छातीवर आणि मुलाच्या डोक्यावर होतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की, ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे मालकाने ऐट म्हणून घेतलेली उंची दुसऱ्याच्या जिवावर उठते.

शौकिनाच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला जातो, त्याला उत्तर दिले पाहिजे. रस्ते खराब आहेत, म्हणून गाडी उंच हवी. आणि मोठ्या गाडीत कुटुंब सुरक्षित राहते. पहिला भाग खरा आहे, पण खड्ड्यासाठी गाडीचे पोट उंच लागते, नाक नव्हे. दुसरा भागही आतल्या माणसांपुरता खरा आहे, आणि आक्षेप नेमका तेथेच आहे. आतल्याची सुरक्षितता बाहेरच्याचा धोका वाढवून विकत घेतली जात असेल, तर तो खासगी व्यवहार उरत नाही. सरकारनेही हे एकदा मान्य केले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गाडीपुढे लावलेल्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याचे आदेश निघाले, ते याच कारणासाठी. यंत्रावर प्रेम करणे हा दोष नाही. उत्तम इंजिनाचा आवाज ओळखणारा कान आणि ते दुरुस्त करणारा हात यांचा आदरच केला पाहिजे. विरोध आहे तो त्या प्रेमाचे बिल रस्त्यावरच्या गरिबाच्या नावे फाडण्याला.

आणि ते बिल करातूनही फाडले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा मोठ्या गाड्यांवरील भार ४० टक्के झाला. विजेवरची मोटार, मग ती कितीही महागडी असो, ५ टक्क्यांत बसते. ‘लहान’ ठरवताना लांबी आणि इंजिन मोजले जाते; उंची आणि वजन मोजले जात नाही. दुसरीकडे एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी दहांकडेही मोटार नाही. उरलेल्या नव्वदांच्या गाडीचे नाव एसटी. करोनापूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला तिचा ताफा नंतरच्या वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. त्या वाढीवर शौकिनांच्या वर्तुळात किती चर्चा झाली?

याच जिल्ह्याने एक वेगळी दृष्टी पाहिलेली आहे. राजापूर मतदारसंघातून पाच वेळा लोकसभेवर गेलेले मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांच्या मऊ गाद्या आणल्या. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर्ग वर उचलायचा, ही त्यामागची भूमिका होती. अठरा इंची चाकाने चौघांची शान वाढते. त्या दोन इंचांनी कोट्यवधींची पाठ सुखावली. आरामाचे समाजवादी माप ते हेच.

हे माप कार्यकर्त्यांनी आधी स्वतःला लावले पाहिजे. पुढाऱ्याच्या मागे पांढऱ्या उंच गाड्यांचा ताफा असला की सभा मोठी झाली, असे समजण्याची सवय डाव्या चळवळीलाही लागत चालली आहे. ताफ्यातून उतरून एसटीच्या भाडेवाढीवर भाषण करणाऱ्याचे शब्द श्रोत्यांपर्यंत पोचत नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मोटारीवरचा कर तिच्या लांबीवर नव्हे, वजनावर आणि बॉनेटच्या उंचीवर बसवा. पादचाऱ्याला होणाऱ्या इजेची कसोटी लावून तिचा निकाल गाडीच्या किमतीइतक्या ठळक अक्षरांत जाहिरातीत छापायला लावा. एसटीच्या तिकिटावरील प्रवासी कर रद्द करा, आणि मोठ्या गाड्यांच्या करातून आडगावच्या वस्तीच्या गाड्या चालवा. रत्नागिरीहून संध्याकाळी सुटणारी वस्तीची गाडी वेळेवर पोचते की नाही, यावर शेवटच्या वाडीतल्या मुलीचे कॉलेज आणि म्हातारीचे औषध अवलंबून असते. त्या गाडीची चाके किती इंची आहेत, हे तिथे कोणी विचारत नाही. ती आली का, एवढेच विचारतात.