एका पगाराचं घर

पगार आला की त्याला पाय फुटतात: हप्ता, वाणसामान, शाळेची फी, गॅस. मागोमाग महावितरणचं बिल. १०० युनिटांपुढच्या प्रत्येक युनिटाला चढा दर, म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करत फिरते ती घरी असणारी आई. (क्वचित बाबाही.)

‘ती काही करत नाही’ म्हणणाऱ्यांनी केंद्र सरकारचं २०२४चं वेळ-वापर सर्वेक्षण पाहावं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१मध्ये अपघाताची भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलं.

बँकेचं खातं मात्र बहुतेकदा एकट्याच्या नावावर! ते आधी जोडखातं करावं, बिलं कुठून आणि कधी भरली जातात हे दोघांना ठाऊक असावं. कमावत्याचा मुदत विमा तर त्याच्याही आधी हवा.