अनियमित क्रियापदाची धास्ती

इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासाला आपण बसलात की पहिला अडसर ठरतो तो अनियमित क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता. ‘गो, वेन्ट, गॉन’ अशी शेकडो रूपे पाठ झाल्याखेरीज पुढे जायचे नाही, हा दंडक अनेकांच्या मनात शाळेपासून घट्ट बसलेला असतो. निदान भविष्यकाळापुरता तरी तो अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘गो’चा साधा भविष्यकाळ ‘विल गो’. कर्ता कोणताही असो, रूप हेच. (‘आय शॅल गो’ हा जुन्या पुस्तकांतील आग्रह आता मागे पडला आहे.) अपूर्ण भविष्यकाळात ‘विल बी गोइंग’, तर पूर्ण भविष्यकाळात ‘विल हॅव गॉन’. यांत ‘वेन्ट’ला कोठेही स्थान नाही, अनियमितता डोकावते ती केवळ ‘गॉन’मध्ये. आता आपल्या ‘जा’ धातूकडे पाहा: जाईन, जाऊ, जाशील, जाल, जाईल, जातील. ही सहा रूपे आपण न अडखळता योजतो. भूतकाळात तर ‘जा’ नाहीसाच होऊन ‘गेला’ येतो, कारण ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूपासून आला, आणि ‘गेला’ हे रूप ‘गत’पासून. ‘वेन्ट’ही मुळात ‘वेन्ड’ या निराळ्याच क्रियापदाचे रूप. ज्याची धास्ती घ्यावी, ते आपल्या घरातच नांदते आहे.

नोकरी, शेती, संसार सांभाळून अभ्यासाला मिळणारा तास तक्त्यावर खर्ची घालण्याऐवजी काळाच्या योजनेवर घालावा. ‘मी मुंबईला जाईन तेव्हा तुला कळवीन’ या वाक्यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. त्या सवयीने ‘व्हेन आय विल गो’ असे लिहिले जाते. इंग्रजीला मात्र तेथे ‘व्हेन आय गो’ हवे असते. ‘तू गेलास तर मीही जाईन’ हे वाक्य त्याहून फसवे. मराठीतील ‘गेलास’ पाहून हात ‘वेन्ट’कडे वळतो, पण ‘इफ यू वेन्ट’ म्हटले की तुझे जाणे संभवनीय वाटत नाही, असा निराळाच अर्थ उमटतो. येथे ‘इफ यू गो, आय विल गो टू’ एवढेच पुरे. अशी दहा-बारा वाक्ये आपल्या रोजच्या बोलण्यातून निवडून ती इंग्रजीत लिहून पाहावीत. तक्ता हाताशी उघडा असला तरी हरकत नाही.